माझ्या बोटाच्या मापानं

वजा वीस. ग्युम्रीतला जानेवारी.
आमची झिगुली सुरू होताना आधी किंचाळते,
मग खोकते, मग कुठे गाडी होते.
काचेवर सुरी ओढावी तसं ते पट्ट्याचं किंचाळणं,
कोपऱ्यावर वळेपर्यंत.
अख्ख्या गल्लीला कळतं,
वार्दगेसची लेक कामाला निघाली.

वडील खिडकीतून म्हणतात, सैल पडलाय.
पट्ट्याला म्हणतात, मला नाही,
तरी मी उगाच पाठ ताठ करते.

रविवारी बॉनेट उघडलं.
सतरा नंबरचा पाना त्यांनी रात्रभर शेगडीपाशी ठेवलेला,
गार लोखंड तळहाताची साल काढतं म्हणून.
वरचा नट सोड. खालचा अर्धाच.
अर्धा म्हणजे किती?
अर्धा म्हणजे जनरेटर हलला पाहिजे,
पळून जायला नको.

मोज्यांच्या कारखान्यात तीस वर्षं
यंत्रांचे पट्टे यांनी नुसत्या कानानं लावले.
तिथे आता लग्नं लागतात.
आणि यांच्या उजव्या हाताला
शर्टाचं बटणही ओळख देत नाही.
म्हणून ते सांगतात, मी करते.

पहार शिरेना, मग कुऱ्हाडीचा दांडा आणला.
जनरेटर आणि इंजिनाच्या मधे घातला,
अंगाचा सगळा भार टाकला.
बास. धर. तस्साच धर.
नट मात्र त्यांनी स्वतः आवळला,
डाव्या हातानं, उजवा नुसता सोबतीला.
आमची डोकी एका टोपीत मावतील इतकी जवळ,
श्वासाची वाफ कुणाची ते कळत नव्हतं.

ग्नेल क्रास्नोदारला गेला त्या आठवड्यात
त्यांनी असाच पट्टा आवळला होता, एकट्यानं,
तारेसारखा.
किंचाळणं थांबलं. घरातही कुणी काही बोललं नाही.
तुटेल इतकं ताणू नये म्हणतात,
पण पट्टा कुठे तुटला?
मार्चमधे पाण्याच्या पंपाची बेअरिंग गेली,
स्पिताकच्या रस्त्यावर,
बर्फात आम्ही दोघं आणि वाफेचा हा एवढा ढग.
तेव्हा म्हणाले होते,
सैल पट्टा ओरडतो.
ताठ पट्टा गप्प राहून शेजाऱ्याला खातो.
शेजारी म्हणजे पंप.
मी तेव्हा ग्नेलच्या रिकाम्या सीटकडे बघत होते.

आता दाब.
दोन पुलींच्या मधे मी अंगठा टेकवला.
एक बोट खाली गेला पाहिजे, ते म्हणाले.
कुणाचं बोट?
त्यांचं एक म्हणजे माझं दीड.
त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला,
ग्रीस, नखाखालची काळी रेघ,
जुना पाना विकत घेताना पाहतात तसा.
बराच वेळ पाहिला.
तुझं, म्हणाले. चालवतेस तू.

सोमवारी चावी फिरवली.
लाल दिवा लागला, विझला.
बाकी काही नाही, फक्त इंजिन,
आणि टायरखाली बर्फाचा चुरा.

संध्याकाळी क्नारिकबाई दारात उभ्या,
खांद्यावरची शालही रागावलेली.
तुमची गाडी गेली कधी?
बेकरीत पाऊण तास उशिरा पोचल्या होत्या.
पहिल्या घाण्याच्या रोट्या दुसऱ्याच कुणी तरी थापल्या, आणि जाळल्या.
अकरा वर्षांत त्यांनी घड्याळाला गजर लावला नव्हता.

वडील उठले, पाना शोधू लागले.
अर्धा फेरा सोडू, पुटपुटले, काय बिघडतं.
पाना मी आधीच कोटाच्या खिशात घातला होता.

आता रोज सहाला आधी त्यांचं दार.
दोनदा ठोकते.
आत लोखंडी खाट कुरकुरते,
लांबलचक, बारीक,
मग बूट शोधणारे पाय.
मग मी निघते.